जिभेखालची गोळी, दिवसभराचा हेलपाटा

सकाळी ७.४०

केंद्राची वेळ आठची, पण कट्ट्यावर माणसं आधीपासूनच बसलेली असतात. मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. बाहेर पाटी फक्त ‘ओएसटी केंद्र’. ज्याला गरज आहे त्याला त्याचा अर्थ ठाऊक असतो. बाकीचे एक्स-रेच्या खोलीकडे जाताना पिशवी छातीशी धरून, पाय उचलून पुढे जातात.

मी इथली सिस्टर. एक डॉक्टर, एक समुपदेशक, नोंदी ठेवणारा डेटा मॅनेजर आणि बाहेर फिरणारा एक कार्यकर्ता. हा कार्यकर्ता पूर्वी स्वतः सुई घ्यायचा, म्हणून रुळांच्या कडेला त्याचं ऐकतात आणि माझं ऐकून घेतात. काम सांगायला सोपं आहे. ओएसटी म्हणजे ओपिऑइड सब्स्टिट्यूशन थेरपी. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर किंवा त्याच जातीच्या नशेवाचून ज्याचं चालत नाही, त्याला रोज ब्युप्रेनॉर्फिनची गोळी द्यायची. ती टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा त्रास, थांबवते, तलफ खाली आणते. माणूस सुईमागे धावायचा थांबतो आणि कामाला जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. आपल्याकडे ‘नाको’च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, एचआयव्ही कार्यक्रमातून ते फुकट मिळतं.

सगळ्यांना घाई असते. नाक्यावर मुकादम साडेआठला बिगारी उचलतो. त्यानंतर पोचलेल्याचा दिवस बुडाला. म्हणून पहिल्या दहा जणांत नंबर लागावा यासाठी भांडणं होतात, आणि मग वॉचमन म्हणतो, “बघा सिस्टर, तुमची माणसं.”

८.००

नंबर, नाव, सही किंवा अंगठा. डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, तोंडाला दारूचा वास येतो का ते बघायचं. दारू चढलेल्याला गोळी देत नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. मग पाकिटातून गोळ्या काढायच्या, भरड कुटायच्या, “जीभ वर करा” म्हणून भुकटी जिभेखाली सोडायची. बाकावर पाच-दहा मिनिटं बसायचं. बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. पोटात गेली तर गोळी फारसं काम करत नाही. शेवटी परत माझ्यासमोर येऊन तोंड उघडून दाखवायचं.

माझ्या वडिलांच्या वयाची माणसं असं आ करून उभी राहतात. गोळी तोंडातून काढून बाहेर विकली जाऊ नये, तिचं पाणी करून सुईतून घेतलं जाऊ नये म्हणून हा नियम आहे. असे प्रकार होतात, हे मी नाकारत नाही. पण रोज, तीनशे पासष्ट दिवस, त्याच दारात यायचं म्हणजे नोकरी कुठली करायची ते आधी आम्हाला विचारून ठरवायचं. वॉचमनची बारा तासांची पाळी लागली की पंचाईत. गणपतीला कोकणात जायचं तर मोठीच पंचाईत, कारण गावाजवळ केंद्र नसतं आणि ही गोळी साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही. आमच्याकडचे दरवर्षी गणपतीत गळतात. काही जण दसऱ्यापर्यंत परततात, सुया टोचलेला हात घेऊन.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी न्यायला गोळ्या देण्याची परवानगी मिळाली. लोकल बंद, रस्त्यावर पोलीस. दुसरा इलाजच नव्हता. तेव्हा आमच्याकडच्या बहुतेकांनी गोळ्या मोजून घेतल्या, मोजून खाल्ल्या. ज्याची बायको डब्यात कुलूप लावून ठेवायची त्याने तर इतकी शिस्त पाळली की डॉक्टरांनी सगळ्यांना त्याचं उदाहरण दिलं. माझं मत असं की महिना-दोन महिने स्थिर राहिलेल्या माणसाला आठवड्याच्या गोळ्या हातात द्याव्यात आणि हे सगळीकडे विनातक्रार व्हावं. दहा गोळ्या बाहेर जातील या भीतीपायी आपण किती माणसं बाहेर घालवतो, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

९.३०

नवा मुलगा, पंचविशीचा. बरोबर आई. त्याच्या नाकातून पाणी गळतंय, जांभयांवर जांभया, हातावर काटा. गुडघे पोटाशी घेऊन बाकावर आडवा झालाय. आई मला म्हणते, “सिस्टर, आधी गोळी द्या, मग फॉर्म भरा.”

तिला सांगावं लागतं की याची ही अवस्था आम्हाला हवीच आहे. गर्द घेऊन निदान आठेक तास झाले नसतील आणि आम्ही ब्युप्रेनॉर्फिन दिलं, तर आतलं उरलंसुरलं गर्द ते एकदम हुसकून लावतं आणि टर्की दसपट वाढते. तसं एकदा झालं की तो पुन्हा या दाराशी येत नाही आणि नाक्यावर सांगतो, त्यांची गोळी विष आहे.

मुलगा कुठे कुठे जाऊन आला ते आईच सांगते. आधी एका खासगी नशामुक्ती केंद्रात. फोन केल्यावर गाडी आली, चौघांनी रात्री झोपेतून उचलून नेला. दोन महिन्यांचे पैसे मंगळसूत्र गहाण टाकून भरले. आत औषध काही नाही. पहिले पाच दिवस टर्कीत खिडकीच्या गजाला साखळीने बांधून ठेवला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारा मानसिक त्रास मोडतो, आणि कोणत्याही रुग्णाला साखळदंडाने बांधायला त्यात साफ मनाई आहे. आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, उपचार असाच असतो.

बाहेर आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने पूर्वीएवढाच डोस घेतला. दोन महिन्यांत शरीराची सवय मोडलेली असते, हे केंद्राने सांगितलं नव्हतं. सार्वजनिक संडासात निळा पडलेला सापडला. कुणीतरी दार तोडलं म्हणून आज तो इथे आहे.

मराठी घरांत व्यसनमुक्ती म्हटलं की मुक्तांगण आठवतं. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला पैसा दिला, आणि अवचटांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने कितीतरी आईबापांना पहिल्यांदा कळलं की आपला मुलगा आजारी आहे, नालायक नव्हे. त्या ऋणात आम्हीही आहोत. पण व्यसनमुक्तीच्या नावावर जी दुकानं निघाली त्यांनी लोकांच्या मनात एकच वाट पक्की केली: आत टाका, पूर्ण तोडा, बाहेर काढा. रोज गोळी घेऊन कामाला जाणारा माणूस बरा होतोय, हे नातेवाइकांना पटत नाही. “एक नशा सोडून दुसरी लावलीत,” असं मला डॉक्टरांनीही ऐकवलंय, आणि ते आमच्याच हॉस्पिटलमधले.

मुलाला २ मिलिग्रॅम दिली. अर्ध्या तासाने तो उठून बसला आणि चहा मागितला.

११.००

पहिली गर्दी सरली की डॉक्टर माझ्या खुर्चीवर बसतात आणि मी ड्रेसिंगला लागते. लहानसहान जखमा इथेच होतात: सलाइनने धुवायची, बीटाडीन, गॉझ. सुईवाले गर्दमध्ये ॲव्हिलसारखी इंजेक्शनं मिसळतात, त्याने शिरा जळतात, गाठी येतात, मग पू.

आजचे काका मशीद बंदरला हमाली करतात. हाताच्या शिरा संपल्या म्हणून जांघेत टोचत होते. आठ दिवस ताप आहे, गाठ लिंबाएवढी झालीय, चालताना पाय ओढतायत. आठ दिवस का थांबलात, हे मी विचारत नाही. मला माहीत आहे. मागच्या वेळी ज्या दवाखान्यात गेले तिथे बधिर न करता चीर दिली होती आणि वर ऐकवलं होतं, “टोचून घेताना दुखत नाही ना? मग आता कशाला ओरडतो?”

ही गाठ माझ्या आवाक्यातली नाही. जांघेत मोठी धमनी असते. तिला सुईने भोक पडून रक्ताचा फुगा आला असला तर वरून तो पुवाच्या गाठीसारखाच दिसतो. त्याच्यावर ब्लेड चालवलं तर माणूस टेबलावरच जातो. आधी सोनोग्राफी, मग चीर.

कॅज्युअल्टीत मी बरोबर जाते. एकटा पाठवला तर केसपेपरच्या खिडकीतूनच परत येतो. “आधार कार्ड? पत्ता? नातेवाईक कोण?” नातेवाईक म्हणून मी उभी राहते. केसपेपरवर पहिलीच ओळ पडते: ‘के/सी/ओ ड्रग ॲब्युज’, म्हणजे हा नशा करणारा. ताप किती, गाठ कुठे, हे खाली. ती ओळ वाचली की पुढच्या प्रत्येक टेबलावर आवाज बदलतो. “एचआयव्ही आहे का हो याला?” हा प्रश्न अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा येतो. हातमोज्यांवर हातमोजे चढतात. स्ट्रेचर ढकलणारे मामा तंबाखू मळता मळता मला म्हणतात, “सिस्टर, असल्या व्यसनी लोकांपायी तुम्ही कशाला जीव काढता?” मामांचा राग मला येत नाही. ते जे बोलतात ते वरून झिरपत आलेलं असतं.

काका आता उठून चाललेत. “जाऊ द्या ताई, फुटेल आपोआप.” इतक्या वर्षांत मी जे सर्वांत जास्त वेळा ऐकलं ते हेच. आमची माणसं उपचार नाकारतात असं अहवालात लिहितात, तेव्हा मला हा हॉल आठवतो.

आज नशीब म्हणा, सर्जरीची रेसिडेंट बाई नवी होती. तिने एकाच जोडीचे हातमोजे घातले, काकांना “बसा, कुठे दुखतंय दाखवा” म्हणाली आणि गाठीवर हात ठेवून ठोका लागतो का ते बघितलं. स्वतःच सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली. धमनी शाबूत निघाली. लिग्नोकेन भरपूर दिलं, काकांनी स्वतः “आता दुखत नाही” म्हणेपर्यंत थांबली. सलाइन लावायला शीर मिळेना, तर काकांनीच अंगठ्यामागची एक दाखवली; आपल्या शिरांची माहिती त्यांच्याइतकी कुणाला नसते. पू वाटीभर निघाला.

मग भरती. इथे दुसरं विघ्न असतं. वॉर्डात ब्युप्रेनॉर्फिन देत नाहीत: “नार्कोटिक आहे, आमच्या चार्टवर नको.” दुसऱ्या दिवशी टर्की सुरू होते, माणूस सलाइन उपसून निघून जातो, कागदावर ‘डामा’ असा शिक्का बसतो, म्हणजे सल्ला धुडकावून स्वतःहून गेला. जखम उघडी ती उघडीच. यावर आमची तोड अशी की रोज सकाळी आठच्या आत मी गोळी घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढते. लिफ्ट रुग्णांसाठी आहे, असं लिफ्टमन सांगतो.

दुखण्याच्या औषधाबद्दलही भांडावं लागतं. “त्याला कशाला पेनकिलर, त्याला चढेल.” खरं उलटं आहे. रोज ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यावर ट्रॅमाडॉलसारखी औषधं नेहमीच्या मात्रेत पुरेसं काम करत नाहीत. त्याला दुखणं कमी नसतं, औषध मात्र विचार करून द्यावं लागतं.

१२.५०

वाटप एकला बंद होतं. दहा मिनिटं उरली की ओढणी डोळ्यांपर्यंत ओढलेली एकजण येते. पुरुषांच्या रांगेत ती उभी राहत नाही. कुणी नवऱ्याच्या ओळखीचा निघाला तर घरातून काढतील. आमच्या रजिस्टरात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाहेर इतक्याच आहेत असं कुणी समजू नये.

तिला पाचवा महिना आहे. प्रसूतिपूर्व तपासणीला जाते, पण तिथे गोळीबद्दल सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात शेजारणीने सांगितलं, बाळाला बाधेल, बंद कर. म्हणून दोन दिवस आलीच नाही. मी आज तिला बाकावर न बसवता आत बसवलं. अशा दिवसांत गोळी एकदम तोडणं आईला आणि बाळालाही धोक्याचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस गोळी चालू ठेवण्याचीच आहे. जन्मल्यावर बाळ काही दिवस किरकिर करेल, थरथरेल. त्यावर उपचार आहे. अंगावर पाजायला हरकत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “बाळ काढून घेणार नाहीत ना?”

लेबर रूमच्या सिस्टरशी मी स्वतः बोलणार आहे. चिठ्ठी नको, चिठ्ठी फिरते.

१.३०

डबा. नोंदी. गोळ्यांचा साठा मोजून डॉक्टरांची सही. एक गोळी इकडची तिकडे झाली तर उत्तर द्यावं लागतं. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अफूजन्य नशेसाठी मदतीची गरज असलेले ७७ लाखांच्या आसपास आणि सुईने नशा करणारे साडेआठ लाख असे आकडे आहेत. डेटा मॅनेजरने ते आमच्या रजिस्टरच्या आकड्याशेजारी लिहून भिंतीला लावलेत. जेवताना तिकडे पाठ करून बसते.

२.३०

समुपदेशकाच्या खोलीत दोघे जण कागद घेऊन आलेत.

पहिल्याला हेपटायटिस सी. सुईवाल्यांत हा घराघरांत आहे. २८ जुलै २०१८ ला केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यापासून औषध फुकट मिळतं. सोफोस्बुव्हिर आणि डाक्लाटास्विर, बहुतेकांना बारा आठवडे, आणि शंभरातले नव्वदहून जास्त पूर्ण बरे होतात. त्याला मात्र तपासणीनंतर एके ठिकाणी सांगितलं गेलं की सहा महिने नशा सोड, मग ये. असा नियम नाही. नशा चालू असली तरी औषध द्यावं, असंच जागतिक मार्गदर्शन आहे. आमच्या डॉक्टरांनी परत चिठ्ठी लिहिली, या वेळी कार्यकर्ता बरोबर जाईल.

दुसऱ्याचं प्रकरण जास्त नाजूक. टीबीची औषधं सुरू होऊन दहा दिवस झाले आणि आठवड्याभरापासून त्याला पुन्हा टर्की जाणवते: घाम, अंगदुखी, झोप नाही. टीबीच्या दवाखान्यात म्हणाले, पुन्हा सुरू केलंस. आईने तेच म्हटलं, बायकोनेही. तो शपथा घेऊन थकला आणि चिडून टीबीच्याच गोळ्या बंद करायला निघाला होता. झालं होतं ते इतकंच: टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की ब्युप्रेनॉर्फिन लवकर संपतं. डॉक्टरांनी डोस वाढवला. मी त्याच्या बायकोला फोन करून सांगितलं की तो खोटं बोलत नव्हता. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही, मग ती म्हणाली, “त्याच्याकडे द्या फोन.”

४.३०

आठवड्यातून दोनदा कार्यकर्त्याबरोबर बाहेर जाते. पुलाखाली, रुळांलगतच्या भिंतीशी. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात जमा करायच्या, नव्या द्यायच्या. एचआयव्ही थांबवायचा असेल तर हे करावंच लागतं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याच्या कलम २२ मध्ये स्पष्ट लिहिलंय की धोका कमी करण्याचं असं काम गुन्हा ठरत नाही. त्या कलमाची प्रत पिशवीत असते. नव्या हवालदारांना ती वाचून दाखवावी लागते. जुने चहा विचारतात.

दुसरा कायदा १९८५ चा, अमली पदार्थांचा. त्याच्या कलम २७ नुसार गर्द नुसतं घेणं हासुद्धा गुन्हा आहे: वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देणारं. पहिलं कलम पुलाखाली सगळ्यांना पाठ आहे. दुसरं आम्ही सांगतो तेव्हा हसतात.

त्या हसण्याची किंमत मोठी आहे. कुणाचा डोस जास्त झाला, ओठ निळे पडले, घशातून घरघर येऊ लागली, तर सोबती १०८ ला फोन करण्याऐवजी पळतात, कारण गाडीमागून पोलीस येतील. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन काही मिनिटांत श्वास परत आणतं. त्याचा असर अर्ध्या-दीड तासात उतरतो, म्हणून नंतर हॉस्पिटलला न्यावंच लागतं. म्हणजे फिरून त्याच हॉलमध्ये, त्याच खिडकीशी.

आज तसं काही घडलं नाही. एका पोराने केंद्राची वेळ विचारली. सुई नाही, पन्नीवर ओढतो म्हणाला. नाकोचा कार्यक्रम मुळात सुईवाल्यांसाठी उभा राहिलेला, म्हणून त्याला कुठे पाठवायचं यावर आम्ही रुळांच्या कडेला उभं राहून बराच वेळ बोललो. सुई लागेपर्यंत थांब, असं सांगणारी व्यवस्था मला आजवर कुणाला नीट समजावून देता आलेली नाही. शेवटी मानसोपचार विभागातल्या डॉक्टरांचं नाव आणि ओपीडीचा वार लिहून दिला. सकाळी कार्यकर्ता त्याला घेऊन जाईल.

६.४५

घरी निघताना वॉर्डात डोकावले. काकांचा ताप उतरलाय. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे नातेवाईक खाट बदलून मागतायत, वॉर्डच्या सिस्टरने अजून दिलेली नाही.

उद्या रविवार. केंद्र उघडं आहे. ओएसटीला सुट्टी नसते, दिवाळीलाही नाही. तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत कुणी या फेऱ्यात असेल आणि कुठे जायचं ते कळत नसेल, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे आणि एचआयव्हीसंबंधी १०९७. दोन्हीला पैसे पडत नाहीत. आणि शक्य असेल तर पहिल्या दिवशी केसपेपरच्या खिडकीपर्यंत त्याच्याबरोबर तुम्ही जा.